अरिष्ट अंगावर घेणारा मासा

आमच्या नात्यागोत्यात कुणाच्या घरचा मासा आजारी पडला की फोन मला येतो. याचं कारण माझं ज्ञान नव्हे. पेणमध्ये माझ्या बाहेरच्या खोलीत बरीच वर्षं एक काचेची टाकी आहे आणि तिच्यातले मासे सहसा मरत नाहीत, एवढंच माझं प्रमाणपत्र. तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालतील, पण मासा म्हटलं की हसतात. दुकानदाराकडे एक निळ्या औषधाची बाटली असते. जखम असो, बुरशी असो, तो तीच देतो. मग उरतो मी.

फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "अरे, काल तर चांगला होता." तो काल चांगला नसतो. माणसाला बरं वाटेनासं झालं की तो चार जणांना सांगतो, मासा लपवतो. पाण्यात जो अशक्त दिसतो त्याला दुसरा खातो, आणि टाकीत दुसरा कुणी नसला तरी माशाला ते कुणी कळवलेलं नसतं. म्हणून बघणाऱ्यानेच बघायचं असतं. पर अंगाशी मिटून घेतलेत का, रंग काळवंडलाय का, कल्ले नेहमीपेक्षा भराभर हलतायत का, कोपऱ्यात तोंड खुपसून थांबलाय का, दगडाला अंग घासतोय का. घरच्यांच्या हे लक्षात येईपर्यंत बहुतेक वेळ निघून गेलेला असतो. त्यामुळे माझं वैद्यकशास्त्र हे मुख्यतः सांत्वनाचं शास्त्र आहे.

आणखी एक गोष्ट मी सगळ्यांना सांगतो आणि कुणालाच पटत नाही. मासा क्वचितच आजारी असतो, आजारी असतं ते पाणी. आणि पाणी आजारी पडतं ते प्रेमामुळे. कुणी जास्त खायला घालतं, कुणी जास्त स्वच्छता करतं.

माझी ताई रोह्याला लागून असलेल्या वरसेला राहते. भाऊजी कंपनीतून निवृत्त झाले, त्यांनी घरापुढे झोपाळा बांधून घेतला आणि त्यावर बसायची सवय लागायच्या आत त्यांना दम लागायला लागला. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा मऊ होतील का, या प्रश्नावर ते चष्मा पुसत बसले. तेव्हापासून घरात ऑक्सिजनचं मशीन आलं आणि झोपाळ्यावर कपडे वाळू लागले.

माझा भाचा पुण्याला असतो. वडिलांसाठी काहीतरी केलं पाहिजे, या तळमळीतून त्याने एक वास्तुसल्लागार गाठले. कार्डावर दोन पदव्या आणि एक सोनेरी कमळ. त्यांना वरसेपर्यंत यायला सवड नव्हती, म्हणून ताईने मोबाइल हातात धरून त्यांना सगळं घर फिरवून दाखवलं आणि त्यांनी पुण्यात बसून आमची ईशान्य ठरवली. त्या कोपऱ्यात खिडकीजवळ भाऊजींची खाट होती. खाट हलली आणि खिडकी एका माशाला मिळाली.

मासा मोठा, गुलाबी-लाल, कपाळावर चांगलं लिंबाएवढं टेंगूळ. दुकानात त्याला फ्लॉवरहॉर्न म्हणतात. टेंगूळ जितकं मोठं तितकं घराचं भाग्य मोठं, आणि अर्थात किंमतही. सल्लागारांनी सांगितलं होतं की हा मासा घरावरचं अरिष्ट स्वतःच्या अंगावर घेतो. तो गेला तर दुःख करायचं नाही. समजायचं, माणसावरचं टळलं. मग दुसरा आणायचा. मासेविक्रीच्या दृष्टीने यापेक्षा सोयीचं तत्त्वज्ञान माझ्या वाचनात आलेलं नाही. मी ते बोलूनही दाखवलं. ताई म्हणाली, "तुझी पुस्तकं तुझ्याजवळ ठेव. यांना दोन पायऱ्या चढवतील का ती?"

भाऊजींचा त्या अरिष्टावर विश्वास नव्हता, पण माशावर होता. खाट आता टाकीच्या समोर आली होती. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला की त्यात लाल उजेड लागतो. भाऊजी तो हात काचेजवळ नेत आणि मासा त्या उजेडामागे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे धावे. भाऊजी आकडा बघायचे विसरून जात. "याला सुपरवायझर करायला हवा होता," ते मला म्हणाले. "लाल दिवा लागला की हजर. आमच्या कंपनीत लाल दिवा लागला की सगळे चहाला." एवढं बोलून त्यांना थांबावं लागे. त्यांच्या नाकातल्या नळीचं मशीन आणि टाकीतला हवेचा पंप, दोन्हींची घरघर सारखीच होती. दुपारी डोळे मिटून पडलं तर कोण कुणाला हवा पुरवतंय ते सांगता आलं नसतं.

मग गणपती आले. गणपतीच्या आधी आमच्याकडे घर आवरतात हा फार सौम्य शब्द झाला. घर सोलतात. माळ्यावरची भांडी खाली येतात, पंख्यांची पाती उतरतात, ज्या फळीवर कुणाची नजर जात नाही तीही पाण्याने धुतली जाते. यंदा ताईने आणि शेजारच्या वहिनींनी मिळून टाकीही धुतली. सगळं पाणी ओतून दिलं. तळातले खडे गरम पाण्यात घालून चोळले. फिल्टरमधला स्पंज काळाकुट्ट झाला होता, तो सोडा लावून नळाखाली पिळपिळून पांढरा केला. काच अशी घासली की टाकीत पाणी आहे हे हात घातल्याशिवाय कळू नये.

त्या काळ्या स्पंजातच माशाचा जीव होता. माशाच्या घाणीतून पाण्यात विष तयार होतं आणि त्या काळ्या चिकट थरात राहणारे सूक्ष्म जंतू ते खाऊन टाकतात. तो थर साठायला महिना-दीड महिना लागतो आणि धुवायला सोड्याची एक मूठ. हे मी ताईला कधी सांगितलं नव्हतं असं नाही. पण घरात गणपती बसणार आणि त्याच्या शेजारी काळा स्पंज ठेवायचा, हे सांगणाराच वेडा ठरतो.

मूर्ती पेणची, ती भाचा गाडीतून आधीच घेऊन गेला होता. मी दुसऱ्या दिवशी दर्शनाला गेलो. आरतीची वेळ होती. घरात पुष्कळ माणसं. मखर नेमकं टाकीच्या शेजारी, कारण ईशान्य एकच. कापूर, धूप, उदबत्त्यांचा जुडगा. आणि पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे माशालाही धूप मिळत होता.

आरती सुरू झाली आणि मासा वर आला. तोंड पाण्याच्या बाहेर काढून उघडमीट करू लागला. टाळ्यांचा वेग वाढला तसा त्याचाही वाढला, निदान लोकांना तसं वाटलं.

"अगो बाय, बघ गो!" शेजारच्या वहिनी ताईला कोपराने ढोसत म्हणाल्या. "आरती म्हणतोय तो!"

"कालपासून असाच करतोय," ताई म्हणाली. "आरतीला बरोब्बर वर येतो."

"पुण्यवान हाय. कपाळ बघा ना, साक्षात गजानन." असं म्हणत भाच्याच्या सासऱ्यांनी मोबाइल काढला. कुणीतरी मोदकाचं सारण चिमटीत घेऊन पाण्यात सोडलं. त्यांच्यामागे आणखी दोघांनी सोडलं. खोबरं तळाशी जाऊन बसलं.

मी जवळ जाऊन वाकलो. कल्ल्याच्या कडा भाजल्यासारख्या लाल झाल्या होत्या. पर मिटलेले. रंग उतरून राखाडी पट्टे आलेले. "हा आरती म्हणत नाहीये," मी म्हणालो, "हा गुदमरतोय."

आरतीच्या घरात असा शब्द उच्चारायचा नसतो हे मला ठाऊक आहे. दोन-तीन जणांनी माझ्याकडे बघितलं. भाच्याचे सासरे मोबाइल खाली न घेता म्हणाले, "मास्तर, तुम्हाला सगळीकडे रोगच दिसतो." लोक हसले. प्रसाद वाटला गेला.

गुदमरतोय हे दुसऱ्या एकाच माणसाला दिसलं होतं. भाऊजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी जवळ गेलो तसा त्यांनी चिमटा लावलेला हात उचलून दाखवला. "सकाळपासून दिव्याला येत नाय," ते म्हणाले. थोडं थांबले. "मला माहीत हाय ते तोंड. मी आरशात बघतो." पुन्हा थांबले. "वैद्यबुवा, काहीतरी कर त्याचं."

मी उरलंसुरलं खोबरं काढलं, तिसरा हिस्सा पाणी उपसलं, मागच्या पिंपात कालपासून भरून ठेवलेलं पाणी घातलं, पंपाची नळी खिडकीबाहेरची हवा घेईल अशी फिरवली. ताईला सांगितलं, कुणाला काही खायला घालू देऊ नकोस, आणि उद्या मी माझ्या टाकीतला स्पंज घेऊन येतो. तो घाणेरडा असेल. ती घाण म्हणजेच औषध आहे. धुवू नको. ताई म्हणाली, "बरं." ती पानं वाढत होती.

सकाळी मी माझ्या टाकीतला स्पंज काढला. एका जुन्या डब्यात, माझ्याच टाकीच्या पाण्यात बुडवून घेतला. पिशवीत खडेमिठाची पुडीही टाकली, आजारी माशाला मिठाच्या पाण्याने थोडा आराम पडतो. मिठागरांच्या गावात राहण्याचा हा एक फायदा, आयोडीन नसलेलं मीठ मागायला दुकानदाराला कारण सांगावं लागत नाही. गाडीत कासू स्टेशनला एक ओळखीचे गृहस्थ चढले. डब्याकडे बघून म्हणाले, "बहिणीकडे का? मोदक?" मी हो म्हणालो. आत काय आहे ते सांगितलं असतं तर त्यांनी जागा बदलली असती, आणि मला एकट्याला बसून विचार करायचा नव्हता.

वरसेला पोचलो तेव्हा ताई ओटीवरच भेटली. तिने डबा हातातून घेतला, पाय धू म्हणाली, चहा टाकते म्हणाली. मी पाय धुऊन, गणपतीला नमस्कार करून, भाऊजींशी दोन शब्द बोललो. मासा तळाशी एका कुशीवर कललेला होता. मी आत गेलो, तर स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर एका वाटीत माझा स्पंज ठेवला होता. धुतलेला, पिळलेला, पिवळाधमक. दुकानातून आणला तेव्हाही तो इतका देखणा नव्हता.

"ताई, हे काय केलंस?"

"घाण होती. धुतली."

"मी काल काय सांगितलं होतं?"

ताईने चहाचं पातेलं उतरवलं, गाळणं शोधलं, चहा गाळला. मग माझ्याकडे न बघता बोलली. "सांगितलं होतंस. ऐकलं होतं मी. तुझ्यासारखी मीही शाळेत पोरं शिकवली आहेत, एवढं कळतं मला."

"मग?"

"टाकी धुतली तेव्हा माहीत नव्हतं. देवाशपथ नव्हतं. आता तो चालला आहे तर जाऊ दे ना." तिने कप माझ्यापुढे सरकवला. "कुणीतरी जायचंच हाय या घरातून. डॉक्टर सांगत नाय, पण मी त्यांचं तोंड बघते ना. तर मग तो जाऊ दे."

मला वाद घालायची सवय आहे. सत्काराला, नारळ-शालीला, गावातल्या कमानींना मी आयुष्यभर नावं ठेवली. इथे मुद्दे तर माझ्याकडे भरपूर होते. मासा आणि माणूस यांच्यात अरिष्टाची देवघेव होत नाही, हे एखाद्या पोरालाही पटवून देता आलं असतं. पण समोर ताई पदराने कट्टा पुसत होती, जिथे काही सांडलेलं नव्हतं तिथेही. मी चहा प्यायलो. साखर घालायची राहिली होती. तेही बोललो नाही.

बाहेर भाऊजी वाट बघत होते. "आणलंस का औषध?"

"आणलं," मी म्हणालो, आणि स्वच्छ स्पंज त्यांच्यादेखत टाकीत बसवला. त्याचा काडीइतका उपयोग नव्हता. मीठ विरघळवून घातलं. पाणी बदललं. संध्याकाळी पुन्हा बदललं. मुक्काम केला. रोज थोडं थोडं पाणी बदलत राहिलं तर असा मासा कधीकधी तगतो, म्हणून मी ते करत राहिलो. ताईने मला अडवलं नाही. बादल्याही तिनेच भरून दिल्या. पण दर्शनाला येणाऱ्यांनी सारण टाकलं की ती तिकडे पाठ करायची.

गौरी-गणपती जायच्या दिवशी सकाळी मासा पाण्यावर आडवा तरंगत होता. कपाळावरचं टेंगूळ बसलं होतं. जिवंतपणी गणपतीसारखा दिसणारा आता कुठल्याही माशासारखा दिसत होता. भाऊजी उठायच्या आत तो काढावा असं मी म्हणालो. पण ते जागेच होते.

"गेला?"

"गेला."

"हं," ते म्हणाले. चिमट्याचा हात त्यांनी पांघरुणाखाली घेतला.

विसर्जनाच्या वेळी आमच्याकडे मूर्तीच्या हातावर दही ठेवतात, परत या म्हणून. ताईने ते ठेवलं. मग केळीच्या पानात गुंडाळलेल्या माशाकडे गेली, पान उघडलं, आणि त्याच्या तोंडापाशी तेवढंच दही लावलं. परत ये, असं ती म्हणाली नाही. हात जोडले आणि बराच वेळ उभी राहिली. शेजारच्या वहिनींनी डोळ्याला पदर लावला. कुंडलिका नदीवर आधी गणपती गेला, मग गौर, मग मासा. निर्माल्याच्या कलशाशी बसलेला स्वयंसेवक म्हणाला, "काका, हे सुकं का ओलं?" मी म्हणालो, ओलं.

त्यानंतरचे काही दिवस मी विसरू शकत नाही, कारण भाऊजींना खरोखरच बरं वाटलं. पाऊस ओसरला होता, हवा कोरडी झाली होती, या आजारात असे चढउतार येतात, ही सगळी कारणं मला ठाऊक होती. ते काठी टेकत झोपाळ्यापर्यंत गेले. ताईचा फोन आला. "आज आकडा किती होता विचार. विचार ना!" लग्न ठरल्यावर बोलत असे तसा आवाज. मी आकडा विचारला. मी म्हणालो, वा. त्या आठवड्यात मी पेणच्या बाजारातून जाताना स्वतःशी हिशोब जुळवून बघितला की असं होऊच शकत नाही का. नाही होऊ शकत. पण जुळवून बघितला.

दिवाळीच्या सुमारास आकडा पुन्हा उतरला आणि मग चढलाच नाही. झोपाळ्यावर पुन्हा कपडे आले. मशीनची क्षमता कमी पडते म्हणून मोठं मशीन आणलं. पुण्याहून सल्लागारांचा निरोप आला की टाकी रिकामी ठेवणं अत्यंत अशुभ. भाच्याने तो मला पुढे पाठवला. शेवटी हात जोडलेलं चित्र होतं.

ताईने स्वतः फोन केला. "येताना एक मासा आण. तसाच. मोठा बघून."

"ताई..."

"एक पुरला नाय बहुतेक," ती म्हणाली. चेष्टेत नाही.

मी दुकानात गेलो. एका टाकीत दोन होते. एक कोपऱ्यात, पर मिटून, विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबत असलेला. ही आतड्याच्या रोगाची खूण. तो फार दिवस काढणार नव्हता. दुसरा काचेवर धडका मारत होता. दुकानदार म्हणाला, "तो कोपऱ्यातला स्वस्तात देतो, काका. तुमचा हात गुण देणारा, बरा कराल." ताईला काय हवं होतं ते मला माहीत होतं. कोपऱ्यातला घेतला असता तर आठवड्याभरात तिला पुन्हा ते काही दिवस मिळाले असते, निदान मिळतील असं वाटण्याचे. मी बराच वेळ उभा राहिलो. मग धडका मारणारा घेतला. हा तत्त्वाचा प्रश्न नव्हता. आजारी मासा मुद्दाम विकत घ्यायला हात पुढे झाला नाही, एवढंच.

या वेळी मी सगळं नीट केलं. माझ्या टाकीतला काळा स्पंज स्वतः नेऊन स्वतः बसवला आणि बसेपर्यंत कुणाच्या हातात दिला नाही. खाणं मोजून दिलं. पंपाची नळी खिडकीबाहेर. माशाने लगेच जीव धरला. खातो, चिडतो, खडे उपसतो. कपाळावर टेंगूळही धरू लागलंय. इतक्या वर्षांत माझ्या हातून इतकी निर्दोष टाकी लागली नव्हती.

भाऊजींचा हात आता काचेपर्यंत पोचत नाही. मागच्या खेपेला मी तो उचलून धरला, तर मासा धावत उजेडाला आला. भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले.

"कसा हाय तब्येतीने?" त्यांनी विचारलं.

"उत्तम."

"वाटलंच मला," ते म्हणाले. हसायला गेले, तर खोकला आला आणि ताईने नळी सारखी केली. मग ती माशाकडे बघत उभी राहिली. पगार घेऊन काम न करणाऱ्या माणसाकडे बघावं, तसं.

हल्ली रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. मी विचारतो, भाऊजी कसे आहेत? ती म्हणते, "मासा ठणठणीत हाय."